सुचिताच्या व्हॅनची टकटक

चावी फिरवली की व्हॅनच्या पोटातून नुसतं टक्-टक्-टक् यायचं, आणि पुढं काही नाही. हा सलग तिसरा दिवस. मागं दाटीवाटीनं बसलेली तिगावची बारा पोरं त्या तालावर मुंड्या हलवून हसत होती, पण सुचिता पुन्हा पुन्हा चावी फिरवत होती. दोन दिवस गल्लीतल्या बाप्यांनी धक्का मारला तेव्हा कुठं गाडी निघाली होती. शेवटी काल संध्याकाळी पालकांनी तिला स्वच्छ सांगितलं, की धक्क्यावर चालणारी गाडी रेल्वे फाटकात बंद पडली तर काय करायचं? उद्या किल्लीवर सुरू झाली तर ठीक, नाहीतर पोरं दुसऱ्या व्हॅननं पांढुर्ण्याच्या शाळेत जातील. दोन वर्षं खपून तिनं हे काम उभं केलं होतं. ते आज डोळ्यांदेखत हातचं जाणार होतं.

शहाण्यांचा मात्र तोटा नव्हता. एक म्हणे स्टार्टर गेला, दुसरा म्हणे प्लग, तिसऱ्याला इंजिनच बदलायचं होतं. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं?

ओट्यावर तिची सासू पंचफुला उभी होती. सुचितानं गाडी शिकायला घेतली तेव्हा, बाईमाणसानं घर हाकावं, एवढं एकच वाक्य ती बोलली होती. त्यानंतर दोन वर्षांत व्हॅनविषयी चांगला नाही की वाईट नाही, एक शब्द नाही. व्हॅनमध्ये पाय तर तिनं कधी ठेवलाच नव्हता. आज मनातून खूश असेल, असं सुचिताला वाटून गेलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात सायकलवरून तुळशीराम आला. संत्र्याच्या बागांमधल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा हा माणूस. तीस वर्षं मोटारींच्या घरघरीत काढल्यामुळं त्याला कमी ऐकू यायचं. गर्दी पाहून तो उतरला, तर चार जणांनी त्याच्या कानाशी ओरडून टक्-टकची नक्कल करून दाखवली. मागून पोरांनीही साथ दिली. तुळशीराम हसला.

"मले ऐकू येत नाही, म्हून मी आवाजाच्या मांगं लागत नाही," तो सुचिताला म्हणाला. "पोरी, लाइट लाव, मंग किल्ली फिरव."

तिनं पुढचे दिवे लावले. दिवे चांगले लख्ख होते. चावी फिरवताच मात्र ते एकदम मालवल्यासारखे झाले, चावी सोडली की पुन्हा लख्ख. तुळशीरामनं मान डोलावली. बॅटरीला मधे चार्जिंग कधी केलं, असं त्यानं विचारलं. तीन दिवसांपूर्वी, पोळ्याच्या आदल्या दिवशी काढून, चार्ज करून आणली होती, रात्रभर ओट्यावर ठेवली आणि सकाळी घाईघाईत बसवली, असं तिनं ओरडून सांगितलं. म्हणजे टाकी भरलेली आहे, पाणी वाटेत कुठंतरी अडतंय, असं तो जणू बागेतल्या पाइपाविषयी बोलावं तसं बोलला.

मग त्यानं तिला आठ-दहा वेळा चावी फिरवायला लावली, तिच्या शेजारची सीट उचलली आणि बॅटरीला लागणाऱ्या तारांची टोकं एकेक करून बोटांनी चाचपली. एक थंड होतं. दुसऱ्याला बोट लावताच त्यानं हात झटकला. जिथं वाट अडते तिथंच तापतं, एवढंच म्हणाला. ना यंत्र, ना मीटर. एवढ्या शहाण्यांच्या गर्दीत त्या बहिऱ्या माणसाला दहा मिनिटांत नेमकी जागा सापडली होती. सुचिताला त्याच्या काळपट बोटांना हात जोडावेसे वाटले.

पान्यानं त्यानं त्या तापलेल्या टोकाची पकड सैल करून उचलली. आत, बॅटरीच्या खुंटीभोवती, अर्धवट जळालेला काळा दोरा गुंडाळलेला होता. तेल-हळदीनं चिकट झालेला, आणि त्यावर ओळीनं सात गाठी.

सुचितानं तो लगेच ओळखला. असा गंडा गावात एकच बाई वळायची. पोळ्याला तो बैलांच्या पायात बांधायचा, नातवंडं आजारी पडली की त्यांच्या मनगटात. घरचे बैल विकून तीन वर्षं झाली होती. यंदा पोळ्याला पंचफुलानं तो ओट्यावरच्या बॅटरीला बांधला होता, गाडीचं बळ तिच्यात असतं म्हणून. आणि आपण न बघता वरून पकड आवळली.

तुळशीरामनं दोऱ्याकडं पाहिलं, मग ओट्याकडं पाहिलं. मूठ मिटली.

"माती अडकली होती," तो मोठ्यानं म्हणाला. गर्दीला त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. खुंटी घासून पकड बसवता बसवता दोरा हळूच सुचिताच्या हातात सरकवला.

चावी फिरवली. व्हॅन पहिल्याच झटक्याला सुरू झाली आणि पोरांनी आरोळी ठोकली.

सुचिता खाली उतरली आणि थेट ओट्यापाशी गेली. इतके दिवस सासूला ओळखण्यात तिचं चुकलंच होतं. ती म्हणाली, "आई, गाडीले एक गंडा बांधून द्या ना. स्टेअरिंगले बांधा, मह्या डोळ्यासमोर राहीन."

पंचफुलानं कनवटीची पिशवी सोडून एक नवा, जाड, काळा दोरा काढला.

"वळूनच ठेवला होता," ती पुटपुटली. "पयला कमजोर पडला वाटलं. मंग हा चौदा गाठींचा केला. तू हासशीन म्हून देत नव्हती."

पंचफुलानं पदर खोचला, व्हॅनचा दांडा धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या सीटवर चढून बसली.

"चाल," ती म्हणाली. "बांधते मी रस्त्यानं. लेकराइले उशीर होऊन राहिला."