बॅटरी फुल, बाकी ठीक

मी बोलतोय. तसा मी रोजच बोलतो, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, पण आकड्यांत. आज शब्दांत बोलतोय, कारण आकड्यांत बोलून बोलून माझा घसा बसला आणि ऐकणाऱ्याने दर वेळी भलताच अर्थ काढला.

मी एक सोलर चार्ज कंट्रोलर. नाव ऐकून दचकू नका. जेवणाच्या डब्याएवढा चपटा करडा डबा, खाली तारांच्या तीन जोड्या आणि तोंडावर एक हिरवा दिवा, एवढाच माझा संसार. छपरावरच्या पॅनेलमधून वीज येते, ती मी मोजूनमापून बॅटरीत भरतो आणि बॅटरीतून दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि फ्रीज यांना पुरवतो. ऊन फार झालं की आवरायचं, कमी पडलं की पुरवून पुरवून वाढायचं. थोरल्या सुनेचं काम म्हणा ना. सगळ्यांची ताटं वाढायची आणि बोलणी तेवढी आपण खायची.

माझं घर चाकांवर आहे. ही पूर्वी पार्सलं पोचवणारी व्हॅन होती. मग बाईंनी ती विकत घेतली आणि आत पलंग, ओटा, कपाट करून घेतलं. बाई म्हणजे आमच्या मालकीणबाई. गाडी चालवायला शिकवणं हा त्यांचा धंदा. अर्धं शहर त्यांच्या शेजारी बसून क्लच दाबायला शिकलं. नवरा गेल्यावर त्यांनी शाळा भाच्याच्या हवाली केली आणि म्हणाल्या, "आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसले. आता जरा चालवते."

मला बसवणारा वायरमनही त्यांचाच विद्यार्थी. पलंगाखाली आडवा पडून त्याने माझे स्क्रू आवळले आणि म्हणाला, "बाई, ह्याच्याकडे बघायची गरजच नाही. हिरवा दिवा दिसला की समजायचं, सगळं ठीक आहे."

बाई वाकल्या, माझ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाल्या, "दिव्याचं ठीक आहे. पण तुला काय शिकवलं होतं? आरशात दिसतं ते अर्धं."

"मान वळवून बघायचं," तो पलंगाखालून म्हणाला. एवढा मोठा बाप्या, पण पाठ होतं त्याचं.

सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. बाई तळ्याकाठी, टेकडीवर, मोकळ्या गाडीतळांवर मुक्काम करायच्या. सकाळी उठून चहा. मग भांडी. आणि भांडी घासायची त्यांची तऱ्हा सांगायलाच हवी. एक कप घासायचा, नळ सोडून विसळायचा, नळ बंद. मग बशी घासायची, पुन्हा नळ. दर नळाला पंप घुर्रर करून उठायचा आणि गप्प व्हायचा. एकदा त्यांची सून चार दिवस राहायला आली होती, तिचं डोकं उठलं. "आई, सगळं घासून घ्या आणि एकदम विसळा ना! कानात भुंगा शिरल्यासारखं होतं." बाई म्हणाल्या, "माझी भांडी, माझा पंप." त्यावरून दोघींनी संध्याकाळपर्यंत अबोला धरला.

बाईंचा मुलगा विम्याच्या ऑफिसात दावे तपासतो. दिवसभर पडद्यावर आकडे बघायचे आणि कोण खरं बोलतंय ते ठरवायचं. डोक्यावरचे केस विरळ झाले तरी बाई त्याला सोन्याच म्हणतात. आई एकटी फिरते याचा त्याला घोर लागला. घोर लागला तर येऊन भेटावं की नाही? नाही. त्याने एक काडेपेटीएवढी डबी आणून माझ्या अंगाला चिकटवली. तिच्यात सिमकार्ड. मी जे जे मोजीन ते ती उचलून, त्याची रेघ काढून त्याच्या फोनवर टाकणार. शिवाय तिकडून हुकूम आला की तोही मला मुकाट पाळायचा.

त्या दिवसापासून मी चहाडखोर झालो. मर्जी विचारायची तर पद्धतच नाही.

आणि फोन सुरू झाले. "आई, अकरा वाजता अँपिअर एकदम पडले. गाडी सावलीत लावलीस का?"

"उन्हाने डोकं तापलं म्हणून लावली."

"अगं, पॅनेलला ऊन लागतं!"

"आणि आईला?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. पालथ्या घड्यावर पाणी. एका दुपारी तर कहर झाला. बाई पंख्याखाली डुलकी घेत होत्या. साहेबांना ऑफिसात बसून वाटलं, आई पंखा चालू ठेवून कुठेतरी फिरायला गेली. त्यांनी बोट टेकवलं आणि मला हुकूम आला, पुरवठा बंद. मी काय करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पंखा थांबला, बाई घामाने निथळत उठल्या आणि सगळ्यात आधी मला दोन धपाटे घातले. उंटावरून शेळ्या हाकणारा राहिला बाजूला, मार शेळीला.

माझी अडचण कोणी समजून घेत नाही. किती वीज आली आणि किती गेली, हे मला कळतं. का गेली, हे मला सांगता येत नाही. बाईंनी कोणाच्या आठवणीत दिवा लावून ठेवला की विसरून, याचा आकडा नसतो. मुलाने मात्र सगळ्या कारणांसाठी एकच शब्द शोधून काढला होता. आई विसरायला लागली.

मग आम्ही एका गाडीतळावर आलो. शेजारी रस्त्याचं काम चाललेलं, खडी टाकायचे ट्रक दिवसभर धुरळा उडवायचे. पॅनेलवर धुळीचा थर बसला, वरून पाखरांनीही आपली हजेरी लावली. माझ्याकडे वीज येईना. बॅटरी रोज थोडी थोडी उतरत गेली. मी आकडे पाठवत होतो, जणू ओरडत होतो, अरे, वर घाण आहे, कोणीतरी फडकं मारा! पोचत होतं एवढंच की बॅटरी उतरली.

"आई, बास झालं आता," मुलगा फोनवर म्हणाला. बाईंनी फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला होता, त्यामुळे मीही ऐकलं. "तू दिवे बंद करायला विसरतेस, फ्रीजचं दार उघडं टाकतेस. पुन्हा बॅटरी अशी उतरली तर गाडी विकायची आणि इकडे आमच्याकडे यायचं. ठरलं."

"ठरवणारा तू कोण रे?"

"मी खोटं बोलतोय का? आकडेच सांगतायत."

आकडे म्हणजे मी. माझ्या नावावर तिच्या घराची बोली लागत होती आणि मला हूं की चूं करता येत नव्हतं. फोन ठेवल्यावर बाई पलंगावर बसून राहिल्या. ज्या बाईने शेकडो लोकांना न घाबरता चौक ओलांडायला शिकवलं, ती मग उठून बंद दिव्यांची बटणं पुन्हा पुन्हा तपासत होती. माझा इतका संताप झाला की पुन्हा एखादा धपाटा मिळाला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या सकाळी चहाही न घेता त्या उठल्या. पॅनेलची काच थंड असताना पुसायची असते, हे त्यांना ठाऊक होतं. कुणी म्हणेल का अशा बाईला विसराळू? मला शिडी टेकल्याचा आवाज आला. मग छपरावर फडकं फिरलं, आणि काय सांगू, माझ्यात अशी वीज आली, जणू बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसासमोर ताट यावं. मी खूश होतो. तेवढ्यात शिडी सरकली.

धप्प असा आवाज आला. मग बाईंचा आवाज आला, एकदाच. त्या गाडीच्या मागच्या बाजूला पडल्या होत्या, कुंपणाकडे, जिथे कोणी येत नाही. फोन आत ओट्यावर.

आणि ऊन चढत गेलं. पॅनेल आरशासारखं लख्ख. वापरणारं आत कोणी नाही. फ्रीज तेवढा अधूनमधून धापा टाकायचा. बॅटरी भरली. ऐंशी, नव्वद, शंभर टक्के. माझा हिरवा दिवा डोळा मारल्यासारखा लुकलुकत होता. तो फोडून टाकावासा वाटला मला. बॅटरी उतरली की बोंब मार, एवढंच मला शिकवलेलं. भरली असताना बोंब मारायला कोणी शिकवलेलंच नाही. बाई बाहेर कण्हत होत्या आणि मी जगाला सांगत होतो की सगळं उत्तम आहे.

ओट्यावरचा फोन वाजला. मुलाचा निरोप. बाईंनी तो नंतर, खूप नंतर, मोठ्याने वाचला म्हणून मला कळला: "शाबास आई! बॅटरी फुल, बाकी ठीक!"

पुढचं मी सुनेच्या तोंडून ऐकलं. दुपारी जेवताना त्याने कौतुकाने तिला फोन दाखवला. "बघ, कालच्या बोलण्याचा परिणाम. कशी छान रेघ आहे."

सुनेने घास हातात धरूनच बघितलं. तिला व्होल्ट कळत नाहीत, अँपिअर कळत नाहीत. ती म्हणाली, "इथे सकाळी कंगव्यासारखे दाते असतात ना रोज?"

"कसले दाते?"

"अरे, भांड्यांचे! एक भांडं, एक नळ. आज आईंनी एकही भांडं घासलं नाही?"

"बाहेर खाल्लं असेल."

"चहाचा कप न विसळता आई बाहेर जातील? तुझ्या आईला तू ओळखतोस की मी?" आणि तिने घास ताटात टाकून गाडीतळाच्या रखवालदाराला फोन लावला. जिचं पंपावरून भांडण झालं, तिलाच पंप वाजला नाही म्हणून कळलं.

रखवालदार धावत आला. बाई शुद्धीवर होत्या, ओठ कोरडे पडले होते, खुबा मोडला होता. त्यांना उचलताना त्या म्हणाल्या, "शिडी आत घ्या, कोणी नेईल."

त्यानंतर दवाखाना, ऑपरेशन, मुलाचं घर. मला त्यातलं काही दिसलं नाही. मुलाने गाडी आणून आपल्या इमारतीखाली लावली आणि पुढच्या काचेत पुठ्ठ्याची पाटी ठेवली, 'विकणे आहे'. फ्रीज बंद, पंखा बंद. मी रोज सकाळी बॅटरी भरतो आणि दिवसभर भरलेली ठेवतो. शंभर, शंभर, शंभर. खायला कोणी नाही आणि स्वयंपाक रोज करतोय. मुलगा अजून फोनवर बघतो, हे मला कळतं. काय बघतो, देव जाणे.

आज सकाळी मात्र दार सरकलं. आधी काठी आत आली, मग सुनेचा हात, मग बाई. दोघी बराच वेळ धापा टाकत बसल्या. मग बाईंनी गॅस पेटवला, चहा टाकला आणि जुने कप घासायला घेतले. एक कप, नळ, घुर्रर. दुसरा कप, नळ, घुर्रर. सून कपाळाला हात लावून हसत होती. माझा आकडा हलला हो! शंभराचे नव्व्याण्णव झाले आणि मला ब्रह्मानंद झाला.

लगेच फोन वाजला. "आई, गाडीत पंप कोण चालवतंय? तू तर खोलीत झोपली आहेस ना?"

"मी खोलीत आहे असं तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे... मला वाटलं..."

"सोन्या, तू कुठे उभा आहेस?"

"गॅलरीत."

"मग मान वळव आणि खाली बघ."

बाईंनी खिडकीतून ओला कप हलवला. वरून गॅलरीचं दार आपटलं. मग जिन्यावर चपला वाजल्या.

तो दारात येऊन उभा राहिला. फोन हातातच होता, पण बघत नव्हता. "शिडीवर तू माझ्यामुळे चढलीस," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "चहा निवतोय. बस." पातेलं तापलं होतं, खाली ठेवायला काही सापडेना. त्यांनी पुढच्या काचेतली 'विकणे आहे'ची पाटी काढली, ओट्यावर पालथी घातली आणि तिच्यावर पातेलं ठेवलं. मुलाने बघितलं. मग त्याने बाह्या वर केल्या आणि उरलेला कप घासायला घेतला.

आता या घडीला मी सत्त्याण्णववर आहे आणि अजून खाली जायची तयारी आहे. तुमच्याही फोनवर कुणाच्या तरी घराचे असे आकडे येत असतील, तर जरूर बघा, आम्ही तेवढ्यासाठीच आहोत. पण शंभर दिसले म्हणून खूश होऊ नका. एकदा फोन करा, आणि कृपा करून बॅटरीचं विचारू नका.