गोठा जरा जास्त

बिअर चाखणं हेही काम असतं म्हटलं की लोक हसतात. माझा मेव्हणा, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, तर दरवेळी तोच विनोद करतो, की असं काम मिळालं तर तो सुट्टीच्या दिवशीही जाईल. मी एकदा त्याला म्हटलं, ये बाबा, दिवसभरात चाळीस पेले चाख आणि प्रत्येकाबद्दल काहीतरी शहाणपणाचं लिही. पंचविसाव्या पेल्याला जिभेचं लाकूड होतं. सगळ्या बिअरी सारख्या लागायला लागतात, आणि सगळी माणसंही.

आमची वार्षिक स्पर्धा एका शाळेच्या व्यायामशाळेत भरते. कोपऱ्यात चेंडूंची जाळी, भिंतीला टेकवलेल्या रबरी चटया, आणि मधे आमची टेबलं. माझ्या टेबलावर निवृत्त झालेल्या रसायनशास्त्राच्या बाई आणि एक बेकरीवाला. नियम दोनच. आधी लिहायचं, मग बोलायचं. आणि कागदावरचा एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. खाली सही नसते. तो कागद पुढे बनवणाऱ्याकडे जातो, आणि त्याचं तो काय करतो हे आम्ही कधी विचारत नाही.

यंदा आमच्याकडे शेतघरी बिअरचा गट होता. ही बिअर पूर्वी शेतावरच्या गड्यांसाठी घरीच करायचे. रंगाने गढूळ, चवीला कोरडी, थोडी मिरीसारखी झणझणीत, आणि मागून सुक्या गवताचा, किंचित गुरांचा वास. त्या वासाला आमच्या भाषेत नुसतं 'गोठा' म्हणतात. इतर कुठल्याही बिअरमध्ये गोठा आला तर ती बाद. हिच्यात तो हवाच, पण बेताने. बेत म्हणजे किती, यावर बाई आणि बेकरीवाला गेली अकरा वर्षं भांडताहेत.

सत्ताविसावा पेला आला तेव्हा माझी पाठ भरून आली होती. बिअर निर्मळ होती. फेस जागच्या जागी, चव सरळ, खोट काढायला जागा नाही. तिच्यात काहीच नव्हतं. मी लिहिलं, 'स्वच्छ, नेटकी. पण इथे कुणी राहत नाही.' वाक्य मला भलतंच आवडलं. बाई म्हणाल्या की जरा लागट आहे. बेकरीवाला म्हणाला की खरं आहे, राहू दे. पेला गेला.

आता बहिणीचं सांगतो. आमच्या वडिलांच्या गुरांच्या गोठ्यात ती सात वर्षांपासून बिअर करते. लाकडी पिंपं, आणि एक जुनं यीस्ट, जे ती प्रत्येक घाण्यातून थोडं काढून पुढच्यात घालायची. त्याला ती विरजण म्हणायची. दर वर्षी एक बाटली माझ्याकडे यायची. मी ती जिन्याखाली ठेवायचो आणि आठवड्याने फोन करून सांगायचो, छान होती. उघडली एकही नाही. खोटं का बोलू, घरी आल्यावर बिअरचा वासही नको वाटायचा. तिच्या घरी गेलो आणि तिने पेला पुढे केला, तरी एक घोट घेऊन मी तेच म्हणायचो. छान आहे. मान वर न करता.

स्पर्धेनंतर तीन आठवड्यांनी मेव्हण्याचा फोन आला. या वेळी विनोद नव्हता. ती बंद करतेय, म्हणाला, टाक्या उतरवायला ये.

मी गेलो आणि दारातच थबकलो. तिच्या घरी जायचो, पण गोठ्यात तीनेक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं; तो ओळखू येईना. भिंतींना खांद्यापर्यंत पांढऱ्या फरश्या, स्टीलच्या दोन टाक्या, धुऊन लख्ख केलेली मोरी. गव्हाणीचा मागमूस नाही. पिंपं कुठे गेली विचारलं तर म्हणाली, फोडून बंबात घातली. मी टाकीचे बोल्ट सोडवायला वाकलो, आणि समोरच्या भिंतीवर दोन कागद टाचलेले दिसले.

एक यंदाचा. इथे कुणी राहत नाही. दुसरा दोन वर्षांपूर्वीचा, कडा पिवळ्या पडलेला. त्यावर होतं, 'चांगली. गोठा जरा जास्त.'

दोन्ही अक्षरं माझी होती.

नातेवाइकांची बिअर आपल्या टेबलावर येऊ देत नाहीत, म्हणून मी चक्रावलो. मग तिनेच सांगितलं, की दोन्ही वेळा तिने नवऱ्याच्या नावावर पाठवली होती; तो माझा कोण लागतो हे स्पर्धेत कुणाला ठाऊक नव्हतं. घरी मी कधी खरं बोललो नाही. एकदा तरी दादाचं खरं मत मिळावं, एवढंच तिला हवं होतं. माझंच टेबल मिळेल याची खात्री नव्हती, पण कागद आला आणि तिने अक्षर ओळखलं.

"गोठा जास्त म्हणालास, मग मी सगळं धुऊन काढलं," ती म्हणाली. "पिंपं गेली. विरजण मोरीत ओतलं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं ना, तर कागद चुरगाळून फेकला असता."

ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त थकली होती, आणि तो थकवा मला चांगला ओळखीचा होता.

मी दोन वर्षांपूर्वीचा तो पेला आठवायचा प्रयत्न केला. काही म्हणजे काही आठवेना. रकाना रिकामा सोडायचा नाही, म्हणून संध्याकाळच्या बिअरींना मी असलंच काहीतरी लिहितो. कुणाला गोठा जास्त, कुणाला मिरी कमी. हे मी तिला सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून हातातल्या पान्याकडे बघत होतो.

ती म्हणाली, "जाऊ दे. ते विरजण असतं तर पुन्हा सुरू केलं असतं. नव्या यीस्टला ती चव यायची नाही, मी करून बघितलंय. एखाद्या जुन्या बाटलीच्या तळात गाळ उरला असता तरी जागं केलं असतं. पण माझ्याकडे एकही उरली नाही, आणि तुझ्या तर तू प्यायलास."

मेव्हणा शिडीवरून माझ्याकडे बघत होता. हो म्हणून मोकळं होता आलं असतं. टाक्या उतरवायच्या, चहा घ्यायचा, घरी जायचं. सात वर्षांचे ते फोन तरी तिच्यापाशी राहिले असते.

"आहेत," मी म्हणालो. "जिन्याखाली. सगळ्याच आहेत."

"सगळ्या म्हणजे?"

"मी एकही उघडली नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. प्रत्येक फोन ती मनातल्या मनात परत ऐकत असावी, असं मला वाटलं. मग तिने माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि सोडवलेला बोल्ट पुन्हा आवळायला लागली.

"उभ्याच आण," ती टाकीकडे तोंड करून म्हणाली. "आणि येताना हलवू नकोस."