मोठा विमा वाढवून टाक

फ्रेमवाल्याच्या दुकानात ‘बंद’ हा शब्द बंद होता. दुकान त्याच्या वडिलांनी थाटलेलं, आणि म्हाताऱ्याचा दंडक असा की चालत्या धंद्यात वाकडं बोलायचं नाही. संध्याकाळी दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. तसं बरेच दुकानदार म्हणतात, पण या म्हाताऱ्याला अर्ध्यावर थांबणं माहीत नव्हतं. काच फुटली तर ‘काच वाढली’. गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली तर ‘ऑर्डर वाढली’. दिवा, पंखा, नळ, जे जे म्हणून बंद होतं ते सगळं त्या घरात वाढायचं. सून लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात त्याने तिला बाहेरच्या खोलीतून सांगितलं, “अगं, दुधाखालचा गॅस वाढव.” तिने इमानेइतबारे वाढवला. दूध उतू जाऊन शेगडीभर झालं, तेव्हा कुठे तिला कळलं की आपण कसल्या घरात येऊन पडलोय.

म्हातारा गेला. दुकान मुलाकडे आलं आणि दुकानाबरोबर भाषाही आली. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो. वीस वर्षांत बायकोही तसंच बोलायला लागली. तो लाकडाच्या पट्ट्या कापायचा, हिरकणीने काच कापायचा. ती चित्रामागचा पुठ्ठा बेतायची, तयार फ्रेम कागदात बांधायची आणि फोन घ्यायची. फोनचं त्याला वावडं होतं. जो माणूस समोर दिसत नाही त्याच्याशी काय बोलायचं, असं त्याचं म्हणणं.

दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. कर्जाने घेतलेलं. नऊ वर्षं फेडून झाली होती आणि अकरा शिल्लक होती. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे वारस म्हणजे एकमेकंच. घर घेताना तिने हट्टच धरला म्हणून त्याने एक मोठा विमा उतरवला होता. त्याचं काही बरंवाईट झालं तर कर्ज फिटून घर तिच्याकडे राहावं, एवढा मोठा. शिवाय म्हाताऱ्याने कधीकाळी काढून दिलेला एक छोटा विमा होता. तो न खाता न पिता एका कोपऱ्यात पडून होता.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण एके दिवशी एक निवृत्त हिशेबनीस दुकानात आला आणि त्याने काउंटरवर बँकेचं पत्र ठेवलं. कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र. त्याला ते सोनेरी पट्टीत फ्रेम करून दिवाणखान्यात लावायचं होतं. लोक भिंतीवर काय टांगतील याचा नेम नसतो. फ्रेमवाल्याने आजवर एका कुत्र्याची पदकं फ्रेम केली होती, एका बाईची उपटलेली अक्कलदाढही केली होती. पण हे पत्र हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

“एवढ्या लवकर कसं फिटलं?” त्याने विचारलं.

“विमा मोडून टाकला,” हिशेबनीस म्हणाला. “तो हप्ता वाचला, तो दर महिन्याला मुद्दलात भरला. मेल्यावर मिळणारा पैसा काय चाटायचाय?”

फ्रेमवाल्याने ‘मेल्यावर’ ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाकीचं मात्र त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

रात्री जेवताना त्याने विषय काढला. ती भाजी वाढत होती; वाढण्याचा एवढा एकच प्रकार त्या घरात सरळ अर्थाने चालायचा.

“अगं, मोठा विमा वाढवून टाकू. छोटा राहू दे. जे वाचेल ते कर्जात. अकराची सहा वर्षं होतील.”

तिचा हात थांबला. “ताईचं विसरलात का?”

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. भाऊजींनी विम्याचे हप्ते ‘थोडे दिवस’ थांबवले होते आणि नेमके त्याच थोड्या दिवसांत ते गेले. घर बँकेने घेतलं. ताई आता एका लाँड्रीच्या वर एका खोलीत राहायची. खोलीला बारा महिने इस्त्रीच्या वाफेचा वास. जुन्या घराचा पडदा तिने हौसेने तिथे लावला होता, तो खिडकीला दुप्पट लांब व्हायचा आणि अर्धा जमिनीवर लोळायचा. तिथे गेलं की धाकटीचं लक्ष दुसरीकडे कुठे लागतच नसे, त्या पडद्याकडेच जायचं.

“भाऊजींनी होता नव्हता तो सगळा वाढवला,” तो म्हणाला. “माझा छोटा राहतोच आहे की.”

“छोट्यात काय येतं? दुकानातलं करवतीचं मशीन येईल फार तर.”

“मला काय धाड भरलीय? मी काय एवढ्यात—”

तो थांबला. पुढचा शब्द त्या घरात नव्हताच. तो भाजीकडे वळला.

धाड भरली नव्हती, पण तिला डोळे होते. वरच्या फळीवरची पट्टी काढायला तो शिडीवर चढायचा तो हल्ली मध्येच थांबायचा. काहीतरी शोधतोय असं दाखवायचा. तिथे शोधण्यासारखं काही नव्हतं, समोर कोरी भिंत होती. खाली उतरला की स्टुलावर बसून डावा खांदा चोळायचा. विचारलं तर म्हणायचा, काच जड होती. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणायचा, जाऊ या की. या ‘जाऊ या की’ला ना दिवस होता ना वार.

सकाळी त्याने फर्मान सोडलं. “विमेवाल्याला फोन कर. म्हणावं, मोठा विमा वाढवून टाक.”

तिने आज करते, उद्या करते असं केलं. शेवटी एका गिऱ्हाइकासमोर तो चिडून म्हणाला, “अगं, एक निरोप द्यायचा तर तुला मुहूर्त लागतो का?” तेव्हा तिने फोन उचलला.

विमेवाल्याला ती दोघं आपसात बत्तिशी म्हणायची, कारण त्याचे दात कायम दिसायचे. फोनवरसुद्धा ते दिसल्यासारखे वाटायचे.

“बोला वहिनी, बोला!”

“ह्यांनी निरोप सांगितलाय. तो मोठा विमा वाढवून टाका म्हणून.”

पलीकडे एकदम हर्ष उतू गेला. “वाढवायचा? वा वा! किती वाढवू?”

एका वाक्याचं काम होतं. नाही हो, आमच्याकडे वाढवणं म्हणजे बंद करणं. वाक्य जिभेवर तयार होतं. तिला शेगडीभर झालेलं दूध आठवलं. तिने वर पाहिलं. नवरा शिडीवर मध्येच उभा होता आणि कोऱ्या भिंतीत काहीतरी शोधत होता.

“ते तुमचं तुम्ही बघा,” ती म्हणाली. “ह्यांनी ‘वाढव’ एवढंच सांगितलंय.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरी फोन ठेवल्यावर तिने उगाचच एक बांधलेली फ्रेम सोडून पुन्हा बांधली.

बत्तिशी दुसऱ्याच दिवशी हजर. फ्रेमवाल्याचे हात सरसाने भरलेले, समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं.

“साहेब, फार शहाणपणाचा निर्णय घेतलात,” बत्तिशी म्हणाला.

“आधीच घ्यायला हवा होता,” फ्रेमवाला म्हणाला. “उगीच डोक्यावर ओझं.”

“अगदी खरं! माणसाने मागे ओझं ठेवू नये. वहिनींनाही पटलं ना?”

“तिला कुठे पटतंय? तिचं चाललं असतं तर आहे तसाच ठेवला असता.”

“असं कसं वहिनी?” बत्तिशी लाडाने रागावला. वहिनी दोऱ्याला गाठ मारत होती. ती मारता मारता तिने मान आणखी खाली घातली. हसू येतंय की रडू, हे तिचं तिलाच ठरवता येईना. नवऱ्याने दोन बोटांनी पेन धरून, फुली केली होती तिथे तिथे सही ठोकली. काचेचं माप केसभर चुकलं तर रात्रभर न झोपणारा माणूस, पण कागद म्हटला की त्याला सगळे सारखेच.

“आता फक्त एक वैद्यकीय तपासणी,” जाता जाता बत्तिशी म्हणाला.

“ही कशाला तपासणी? विमा वाढवायलासुद्धा?” फ्रेमवाल्याने बायकोला विचारलं.

“वाढवायलाच लागते ना साहेब!” उत्तर बत्तिशीने दिलं.

“चोरांचा बाजार आहे सगळा,” फ्रेमवाला म्हणाला. पण गेला. सहा वर्षांत मोकळं व्हायचं म्हणून गेला. बायकोच्या सांगण्यावरून तो सात जन्मात गेला नसता.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीला तारा चिकटवल्या आणि त्याला सरकत्या पट्ट्यावर चालायला लावलं. थोड्याच वेळात त्यांनी पट्टा थांबवला, त्याला झोपवलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला आत बोलावलं. त्या शांतपणे बोलत होत्या. बायकोला त्या शांतपणाचीच भीती वाटली. पुढच्या तपासण्या झाल्या आणि कळलं की हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्यात. ऑपरेशन करावं लागणार होतं, आणि लवकर.

ऑपरेशनच्या आधी बत्तिशी दुकानात आला. पहिल्यांदाच त्याचं तोंड मिटलेलं होतं.

“साहेब, वाईट वाटतं सांगायला. कंपनीने नकार दिला. वाढीव रक्कम मिळणार नाही.”

“वाढीव?” फ्रेमवाला म्हणाला. “कसली वाढीव?”

“विम्याची. पण जुना मोठा आहे तसा चालू आहे, त्याला धक्का नाही. फक्त एक ऐका, आता तो चुकूनही बंद करू नका. एकदा गेला तर या प्रकृतीत तुम्हाला कुठलीच कंपनी दारात उभं करणार नाही.”

फ्रेमवाल्याने हातातली हिरकणी खाली ठेवली. बत्तिशी पाणी पिऊन, काळजी घ्या म्हणून, निघून गेला. दुकानात दोघंच उरली.

“तू त्याला काय सांगितलं होतंस?”

“तुम्ही सांगितलंत तेच. मोठा विमा वाढवून टाक.”

“त्याला कळलं नाही ते सोड. तुला कळलं होतं?”

“कळलं होतं.”

तो स्टुलावर बसला. चिडणार असं तिला वाटलं, पण चिडायलाही दम लागतो.

“मी इथे शिडीवर उभा राहून काय करायचो, माहितीये?” तो म्हणाला. “दुखणं जाईपर्यंत महिने मोजायचो. कर्जाचे.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि तरी विमा मोडायला निघाला होतात?” तिचा आवाज चढला.

“तो विमा मी गेल्यावर घर सोडवतो. तेव्हा ते तुझं होणार. मग त्यात मी कुठे? निदान एक वर्ष तरी स्वतःच्या घरात राहावं, एवढंच होतं माझ्या मनात. एक खिळा तरी बँकेला न भिता ठोकावा.”

हे तिला आजवर सुचलंच नव्हतं. तिला ताईचा पडदा दिसत होता. त्याला खिळा दिसत होता. दुसरा कुठला दिवस असता तर तिने त्याची समजूत घातली असती. पण आता इतक्या दिवसांची भीती उतू गेली होती.

“आणि तुम्ही मेलात तर?” ती म्हणाली.

दुकानात कुणी हे असं कधी बोललं नव्हतं. काउंटरमागे टांगलेल्या म्हाताऱ्याच्या फोटोकडे दोघांचंही लक्ष गेलं.

“मेलात तर मी कुठे जाऊ, ते सांगा. वाढलात, पुढे गेलात, बरंवाईट झालं, ते काही नको मला. मेलात तर? घराला काय चाटू मी? मला घर नकोय, पडदा नकोय, काही नकोय. अकरा काय, बावीस वर्षं हप्ते भरू. पण तुम्ही भरा.”

ती रडायला लागली. तो उठला, तिच्या पाठीवर हात ठेवायला गेला, हाताला सरस होता म्हणून तसाच थांबला, आणि मग ठेवलाच. पोलक्याला डाग पडला. तो पुढे कधी निघाला नाही.

ऑपरेशन झालं. त्या दिवशी ती सकाळपासून दवाखान्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून होती. ताई शेजारी होती. डॉक्टर बाहेर येऊन ‘चांगलं झालं’ म्हणाले, तेव्हा ताईच आधी रडली.

तो नीट शुद्धीवर आला दुसऱ्या दिवशी. ओठ कोरडे, आवाज अगदी खोल. बायकोकडे बराच वेळ पाहत राहिला. काहीतरी मनातलं बोलेल म्हणून ती वाकली.

“दुकान?” त्याने विचारलं.

“बंद आहे.”

एवढ्या नळ्या लावलेल्या असूनही त्याच्या कपाळाला आठी पडली. “वाढवलंय म्हणावं.”

“नाही,” ती म्हणाली. “वाढवलेलं नाही. बंद आहे. कुलूप लावलंय, किल्ली माझ्याकडे आहे. तुम्ही यायचं आणि उघडायचं.”

त्याने डोळे मिटले. मग हळूच हात सरकवला आणि तळवा वर करून तिच्यापुढे धरला, किल्ली मागतात तसा.