बिनदोऱ्याची रेघ

मित्रांनो, मी परदेशीपुरा या मिल-कामगारांच्या वस्तीतली एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे. माझ्या अंगावर एक खोल खाच दिसते. ती कशी पडली ते सांगते.

जयसिंगराव कापडाच्या मिलमध्ये कामाला होते. लग्न झाल्यावर त्यांनी मला शशिकलाबाईंसाठी आणलं. दर रविवारी ते स्वतः मला तेल घालत आणि आल्यागेल्याला भाऊ मानून म्हणत, "भिया, आवाज तरी येतो का बघा." मग मिल बंद पडली. माझं तेल थांबलं आणि घरात मार सुरू झाला. मार खाऊन शशिकलाबाई माझ्यापाशी येऊन बसत आणि पदराने मला पुसत.

त्याच सुमारास, सीमेपलीकडे सिंधमध्ये दंगलीत ज्यांची घरं जाळली गेली अशा काही बायका जवळच्या धर्मशाळेत उतरल्या. शशिकलाबाई त्यांना घरी बोलावून माझ्यावर शिवण शिकवू लागल्या. बाईंची शिकवायची रीत वेगळी होती. आधी दोरा नाही आणि कापडही नाही. नुसती सुई वर्तमानपत्रावर चालवायची. भोकांची रेघ सरळ आली की मगच दोरा मिळे.

त्यांतल्या लाजवंतीची रेघ कधी सरळ येईना. तिच्या नवऱ्याला तिच्यादेखत दारात सळयांनी मारून टाकलं होतं. कुठे भांडं पडलं तरी ती दचके, तिचा पाय मागे जाई आणि माझं चाक उलटं फिरे.

"लाजो, ये लकीर है कि नर्मदाजी का मोड़?" शशिकलाबाई विचारत. बायका हसत. लाजवंतीही हसे.

एका दुपारी जयसिंगराव लोखंडी सळई घेऊन आत आले.

"माझी मिल गेली आणि ही घरात कारखाना काढते."

त्यांनी शशिकलाबाईंना भिंतीवर आपटलं. मग सळई माझ्यावर घातली. माझा टवका उडाला. लाजवंती माझ्यापुढेच बसली होती. तिचा पाय थांबला नाही.

"हट वहाँ से."

"एक घर छोड़ के आई हूँ, भाईसाहब. अब नहीं छोड़ूँगी."

दुसरा घाव तिच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. रक्त कागदावर सांडलं. तेव्हा बाकीच्या बायका उठल्या. कुणी सळई धरली, कुणी केस धरले. जयसिंगरावांना मारतच त्यांनी रस्त्यावर काढलं. दाराची कडी शशिकलाबाईंनी स्वतः लावली.

लाजवंतीचं प्लास्टर निघालं त्या दिवशी शशिकलाबाईंनी तो डागाळलेला कागद तिच्यापुढे ठेवला. रेघ सरळ होती, अगदी घाव पडला तिथेही. मग त्यांनी माझ्या सुईत दोरा ओवला.

लाजवंतीची दोन बोटं अजून वळत नाहीत. तरी ती शिवणावर आपलं पोट भरते आणि नव्याने आलेल्या बायकांना शिकवते, आधी बिनदोऱ्याचंच.

मित्रांनो, मला वेळेवर तेल द्या, माझ्यावरची धूळ पुसा. पण शेजारच्या घरातून कुणाला आपटल्याचा आवाज आला, तर तेवढा वेळ मला विसरा. मी लोखंडाची आहे. तुम्ही जाऊन ते दार वाजवा.