पिवळ्या लाकडाचे शनिवार

फेब्रुवारीत लेलंड एन्क्विस्ट गेला, तेव्हा त्याच्या बहिणीने, ट्वायलाने, नऊ वर्षांत त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. भांडण आईवरून झालं होतं. आईला सलायनाच्या वृद्धाश्रमात ठेवायचं ट्वायलाने ठरवलं, लेलंड म्हणाला आई घरीच राहील. आई सहा महिन्यांत तिकडेच वारली. अंत्यविधीला भाऊ दुसऱ्या टोकाच्या बाकावर बसला आणि परस्पर निघून गेला. त्यानंतर नाताळचं कार्डसुद्धा नाही. त्याला बायकामुलं नव्हती, मृत्युपत्रही नव्हतं. त्यामुळे कॅन्ससमधलं ते शेत, घर आणि शेड आपसूक तिच्या नावावर आलं.

ट्वायला शाळेची बस चालवायची. जूनमध्ये शाळा सुटली तशी ती आवराआवर करायला शेतावर राहायला आली. घर चार दिवसांत आवरून झालं. एकट्या माणसाचं सामान ते किती असणार! सलायनातल्या तिच्या दोन खोल्या तर एका दुपारी रिकाम्या झाल्या असत्या.

शनिवारी सकाळी अंगणात एक खडखडती पिकअप येऊन थांबली. दोन म्हातारे उतरले. एक उंच आणि पाठीत वाकलेला, ऑर्व्हल केम्पर. दुसरा बुटका, तोंडाला विश्रांती नसलेला, हर्शेल पाईक.

"लेलंडची लाकडं न्यायला आलोय," हर्शेल म्हणाला. "आम्हाला देईन म्हणाला होता. तुमची हरकत नसेल तर, बाई."

तिची कसली हरकत? शेडच्या तुळयांवर चौदा लाकडं आडवी ठेवलेली होती. बांधावरच्या हेज नावाच्या काटेरी, चिवट झाडाची, उभी चिरलेली, माणसाएवढी लांब. त्या भागात हेजचे कुंपणाचे खांब करतात, आणि ज्यांच्या हातात कसब आहे ते धनुष्यं करतात. लेलंडच्या हातात ते होतं, हे ट्वायलाला त्या दिवशी कळलं.

म्हातारे एकेक लाकूड उतरवून अंगठ्याने चाचपत होते, लहान बाळ पाहावं तसे. शेवटचं लाकूड ऑर्व्हलने उचललं आणि ट्वायलाने त्याचं दुसरं टोक धरलं.

"हे राहू दे."

"काय करणार याचं? दाराला अडसर?" हर्शेलने विचारलं.

"धनुष्य."

हर्शेल खो खो हसला. ऑर्व्हल हसला नाही. तिच्याकडे आणि लाकडाकडे पाहून म्हणाला, "दहा वर्षं वाळलंय हे. घाई केलीस तर वाया जाईल. पुढच्या शनिवारी येतो. तोवर त्याला हात लावू नकोस."

बाकीची तेरा लाकडंही त्यांनी तिथेच ठेवली. काम संपल्यावर नेऊ म्हणाले.

मग शनिवारमागून शनिवार ते येत राहिले. दोन मुठींच्या सुऱ्याने आधी साल काढायची, मग सालीखालचं पांढरं लाकूड, मग खालचं पिवळंधमक. त्यात झाडाच्या वाढीचं एक वलय निवडायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढंच वलय उघडं करायचं.

"ही धनुष्याची पाठ," ऑर्व्हल सांगायचा. "पाठीवरचं वलय कापलं गेलं की धनुष्य तिथेच मोडणार. पोटाकडून, म्हणजे आतल्या बाजूने, हवं तेवढं खरवड, पाठीला दुखवू नकोस."

"याला तीस वर्षांपूर्वी मी शिकवलं हे," हर्शेल म्हणायचा.

"तू शिकवलंस? तुझी पहिली चार धनुष्यं तुझ्या बायकोने चुलीत घातली!"

ट्वायलाच्या तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. ती फारसं बोलत नसे. ते दोघे मात्र अखंड बोलत, आणि बोलणं फिरून फिरून लेलंडवर येई. लेलंड काम करताना गाणी म्हणायचा, तीही बेसूर. लेलंडच्या घेवड्याच्या रश्शात एवढी मिरची असायची की ऑर्व्हलच्या डोळ्यांतून पाणी यायचं. हर्शेलच्या बायकोच्या आजारपणात लेलंड दोन महिने रोज चाळीस मैल गाडी हाकत यायचा आणि गुरांना चारा घालून जायचा. ट्वायला खाली मान घालून लाकूड खरवडत ऐकायची. तिच्या ओळखीचा लेलंड गात नव्हता, कुणाकडे जात नव्हता. हा माणूस तिला भेटलाच नव्हता.

एकदा तिने धीर करून सांगितलं, "तो हंसांना घाबरायचा. लहानपणी तळ्यावरचा एक हंस मागे लागला, तर हा कोंबड्यांच्या खुराड्यात शिरून बसला. संध्याकाळपर्यंत बाहेर येईना."

दोघे पोट धरून हसले. "लबाड! आम्हाला कधी बोलला नाही," हर्शेल डोळे पुसत म्हणाला. तो आठवडाभर तिला ते हसू पुरलं.

पण आठवड्याला सात दिवस असतात. जुलैच्या एका बुधवारी उन्हाने शेत पेटल्यासारखं दिसत होतं, रविवारपासून ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. धनुष्याला आता आकार आला होता, दोन्ही टोकांना दोरीच्या खाचा झाल्या होत्या, थोडं थोडं वाकायलाही लागलं होतं. जिथे ताठ असेल तिथे जरा खरवडायचं, पुन्हा वाकवून बघायचं, एवढंच उरलं होतं. ऑर्व्हलने बजावलं होतं, आम्ही नसताना नको. ती शेडमध्ये गेली, नुसतं हातात घेऊन बसावं म्हणून. मग खरवडायचं पातं उचललं. कानाला खरखर बरी वाटत होती. ती थांबली तेव्हा दुपार कलली होती.

शनिवारी ऑर्व्हलने दोरी चढवली, धनुष्य फळीवर टेकवून ताणलं. धनुष्याची वरची बाजू छान कमानीत वाकली. खालची एकाच जागी बिजागरीसारखी दुमडायला लागली. त्याने लगेच दोरी सैल केली.

"कुणी सांगितलं होतं तुला?" हर्शेल भडकला. "एवढं सोन्यासारखं लाकूड!"

"घरात काही आवाज नव्हता," ट्वायला म्हणाली. दुसरं कारण तिच्याकडे नव्हतं.

हर्शेलचा पारा उतरला. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती.

ऑर्व्हलने ती जागा अंगठ्याने दाबून पाहिली. "इथे आता हात लावायचा नाही. बाकी सगळं याच्या बरोबरीला उतरवायचं. ताणायला चाळीस पौंडांचा जोर लागला असता, आता तीसचा लागेल. धनुष्य होईल."

ती उतरवायला लागली. बऱ्याच वेळाने, पातं न थांबवता तिने विचारलं, "त्याने माझं नाव कधी काढलं होतं?"

"काढलं की," हर्शेल घाईने म्हणाला. "काढायचा अधूनमधून. सलायनाची बहीण म्हणून..."

"हर्शेल, नको," ऑर्व्हल म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "नाही, पोरी. बावीस वर्षं दर आठवड्याला आम्ही तिघं एकत्र बसलो. त्याला बहीण आहे हे आम्ही पेपरातल्या मृत्यूच्या बातमीत वाचलं."

हर्शेलने टोपी काढून पुन्हा डोक्यावर घातली. ट्वायलाने धनुष्याच्या पोटावरून एक लांब सरळ छिलका काढला, त्याच्यामागे दुसरा.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. तिसरा छिलका मात्र मध्येच तुटला, कारण तिला समोरचं नीट दिसेना.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी धनुष्य पुरं झालं. सत्तावीस इंच ताणलं तेव्हा दोरीला अडकवलेल्या वजनकाट्याचा काटा एकतीस पौंडांवर थांबला. गवताच्या गठ्ठ्यावर तिने सहा बाण सोडले, चार लागले. हर्शेलने शिट्टी मारली आणि म्हणाला, "माझ्या पहिल्यापेक्षा बरं आहे, पण हे गावात सांगू नकोस." मग त्यांनी तेरा लाकडं पिकअपमध्ये भरली. ऑर्व्हलने तिचा हात हातात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. सप्टेंबरात तो मुलाकडे कोलोरॅडोला राहायला जाणार होता. हर्शेल म्हणाला, "कधीही ये." पण कधी, ते ना त्याला ठरवता आलं ना तिला. शेत शेजाऱ्याने विकत घेतलं. शाळा सुरू झाली आणि ती सलायनाला परतली.

सलायनाबाहेर नदीकाठी नेमबाजीचं एक मैदान आहे, तिथे शनिवारी सकाळी सहसा कुणी नसतं. ऑक्टोबरात एका शनिवारी कुत्र्याला फिरवणारा एक माणूस ट्वायलाच्या हातातलं धनुष्य पाहून तिथे थबकला.

"सुंदर आहे हो! विकत घेतलंत?"

"नाही. मी केलंय."

"कुणी शिकवलं?"

"भावाच्या मित्रांनी."

"म्हणजे भाऊही करतो?"

"करायचा," ट्वायला म्हणाली. "फार छान करायचा, असं म्हणतात."

त्या माणसाने मान डोलावली, कुत्र्याला हाक मारली आणि तो पुढे निघाला. ट्वायला बाण गोळा करायला गेली. एक सापडत नव्हता. उंच गवत पायाने बाजूला सारत ती त्याला दुपारपर्यंत शोधत होती.