सतरा नंबर, हजर

दहावीच्या त्या वर्गाचा एक नियम होता. बदली शिक्षक आला की प्रत्येकाने बाकावरच्या जोडीदाराशी नंबर बदलायचा. हजेरी नंबरांवर व्हायची, त्यामुळे काम सोपं होतं. शाळा सुटेपर्यंत जोडीदाराचा नंबर आपला. कान पिळला तरी फुटायचं नाही. जो फुटेल त्याच्याशी महिनाभर कोणी बोलायचं नाही. बदली शिक्षकाला ही मुलं स्टेपनी म्हणत, आणि स्टेपनीवर गाडी किती लांब जाणार, असं त्यांचं एकंदर मत होतं.

गणिताचे सर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले आणि त्यांच्या जागी एक मॅडम आल्या. पन्नाशी उलटलेल्या, हातात दोन पिशव्या, एकीत डबा आणि दुसरीत स्वतःचे खडू. या शाळेतून त्या शाळेत बदलीवर जाण्यात त्यांची हयात गेली होती. हजेरीच्या वेळी मागच्या बाकांवर खसखस पिकली तेव्हाच काय ते त्यांच्या लक्षात आलं. असे नंबर त्यांनी बऱ्याच वर्गांत बदललेले पाहिले होते. पण त्यांचाही एक नियम होता. परक्या वर्गाशी पहिल्या दिवशी वाद घालायचा नाही.

“सतरा?”

“हजर, मॅडम,” शिंपिणीची मुलगी म्हणाली. खरी सतरा नंबर तिच्या शेजारी ओढणीत तोंड खुपसून हसत होती. ती लिफ्ट मेकॅनिकची मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली होती आणि घरात बाप-लेक दोघंच होते. या दोघी पाचवीपासून एका बाकावर बसत.

हजेरी संपली तसा मागून एकाने विचारलं, “मॅडम, तुम्ही किती दिवस आहात?”

“सर बरे होईपर्यंत.”

“मग सरांना निरोप देतो, सावकाश बरे व्हा म्हणून.”

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. “जरूर दे. तोवर वहीतला तुझा त्रिकोण तेवढा उभा कर. बसलाय बिचारा.”

त्यानंतर वर्ग त्यांच्याशी बरा वागू लागला. त्याच दिवशी तिसऱ्या तासाला मॅडम शिकवत असताना शिपाई दारात आला. “सतरा नंबरला ऑफिसात बोलावलंय. दप्तर घेऊन,” एवढं म्हणून तो पुढच्या वर्गाकडे गेला.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मेकॅनिकची मुलगी कुजबुजली, “जा की. बाबांनी कोणाला तरी पाठवलं असेल. दाढ दाखवायची आहे माझी. नीट सांग हं त्यांना, नाहीतर तुझीच उपटतील.”

शिंपिणीची मुलगी दप्तर उचलून निघाली. मॅडमनी तिला जाऊ दिलं.

ऑफिसच्या खिडकीशी मळक्या गणवेशातला एक माणूस उभा होता. मेकॅनिक लोक जोडीने काम करतात, एक वर आणि एक खाली. हा त्या मेकॅनिकचा खालचा जोडीदार. क्लार्क म्हणाला, “बाळ, तुझ्या वडिलांना कामावर लागलंय. हॉस्पिटलात नेलंय. यांच्याबरोबर लगेच जा.”

“सर, ती मी नाही.”

क्लार्कने या खिडकीतून अशा बातम्या आधीही दिल्या होत्या. “पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात,” तो हळू आवाजात जोडीदाराला म्हणाला. जोडीदाराने तिचं दप्तर खांद्याला अडकवलं, हात धरला आणि तिला कंपनीच्या गाडीत बसवलं. गाडीत ती रडत पुन्हा तेच म्हणाली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. शेवटी तिने दप्तरातून ओळखपत्र काढून त्याच्या नाकासमोर धरलं, तेव्हा गाडी पूल ओलांडून हॉस्पिटलाजवळ पोचली होती.

तो फोटोकडे बघत राहिला. “मग त्याची मुलगी कुठंय?”

“वर्गात. आम्ही नंबर बदलले होते, काका.”

त्याने शाळेला फोन लावला.

क्लार्क धावत वर्गात आला आणि मॅडमच्या कानाशी बोलला. मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. चाळीस मुलांसमोर, चेहराही ठाऊक नसलेल्या मुलीला असली बातमी कशी द्यावी, हे त्यांना सुचेना. त्या एवढंच म्हणाल्या, “खरी सतरा नंबर कोण आहे? उभी राहा.”

कोणी हललं नाही. आपण पकडले गेलो, आता शिक्षा होणार, असं वर्गाला वाटलं. मेकॅनिकच्या मुलीने वहीत मान घातली. आपण उभं राहिलो तर मैत्रीण अडकेल, असा तिचा हिशेब होता.

“मी कोणाला रागावणार नाही. उभी राहा, बाळ.”

“सगळे आपापल्याच जागी आहेत, मॅडम,” मागचा मघाचाच आवाज म्हणाला. कोणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी पहिल्या बाकापासून एकेकीला जवळ जाऊन, पटावरचं सतरा नंबरचं नाव घेऊन विचारायला सुरुवात केली. प्रत्येक मुलीने मान हलवली. मेकॅनिकच्या मुलीनेही हलवली. तास संपल्याची घंटा झाली, तेव्हा कुठे मॅडमनी ते सांगून टाकलं. “तिच्या वडिलांना अपघात झालाय. ते तिला बोलावताहेत.”

मग अख्खा वर्ग एकाच बाकाकडे वळला.

हॉस्पिटलात मेकॅनिकच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. लिफ्टच्या विजेच्या पॅनलमध्ये जाळ झाला आणि तो मागच्या मागे पडला होता. नर्सने दार उघडून विचारलं, “मुलगी आली का? आता थांबण्यासारखं नाही.”

जोडीदाराने शिंपिणीच्या मुलीकडे पाहिलं. त्याने तिला काही सांगितलं नाही, विचारलंही नाही. फक्त दारातून बाजूला झाला. ती आत गेली आणि तिने त्याचा हात हातात घेतला.

“ठमे?”

“आले, बाबा.”

“शाळा बुडवलीस?”

“नाही. आज बदली मॅडम होत्या. फारसं शिकवलं नाही.”

“डबा खाल्लास?”

“हो.” मधली सुट्टी अजून व्हायची होती.

“आवाज का असा?”

“जिन्याने पळत आले.”

त्याचे ओठ थोडे ताणले. “जिन्याने कशाला? लिफ्ट आहे ना.”

यानंतर तो बोलला नाही. त्याचा हात सैल पडला तरी ती धरून बसली. नर्सने येऊन सोडवला.

मॅडम मेकॅनिकच्या मुलीला घेऊन पोचल्या तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर चादर होती. ती आत जाऊन आली आणि बाहेरच्या बाकावर बसली. शिंपिणीची मुलगी तिच्या शेजारी बसली, मध्ये एक जागा सोडून. मॅडम समोर उभ्या होत्या.

“मला सकाळीच कळलं होतं,” मॅडम म्हणाल्या. “हजेरीच्या वेळी.”

मेकॅनिकच्या मुलीने वर पाहिलं. “मग बोलला का नाहीत?”

मॅडमकडे कारण होतं. आजवर प्रत्येक शाळेत ते चाललं होतं. त्यांनी बोटांवरचा खडू पदराला पुसला.

मुलीने मैत्रिणीला विचारलं, “काय म्हणाले?”

तिने एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं. लिफ्टचं ऐकताना मेकॅनिकच्या मुलीचा हुंदका आणि हसू एकदमच फुटलं. मग तिने विचारलं, “तू माझ्यासारखी बोललीस?”

“प्रयत्न केला. आवाज वेगळा वाटला त्यांना.”

“पण कळलं नाही?”

“नाही.” ती थांबली. “मला माहीत नाही.”

कोणीतरी ढकलगाडी घेऊन समोरून गेलं.

“हाक काय मारली?”

“ठमी.”

मेकॅनिकच्या मुलीने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले. गेल्या वर्षी शाळेच्या फाटकात, मैत्रिणींसमोर, बापाने त्या नावाने हाक मारली होती. ती त्याच्यावर इतकी भडकली होती की त्यानंतर त्याने ते नाव घरातसुद्धा घेतलं नव्हतं.

“वर्गात कोणाला सांगू नकोस,” ती म्हणाली.

“नाही सांगणार.”

“आणि तूही म्हणू नकोस. कधीच.”