घासलेला सूर

दुरुस्तीवाल्या ताईंच्या काळजात धस्स झालं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, आणि सत्कार सहाला होता.

ताईंचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. वडिलांच्या मागे सव्वीस वर्षं त्या तिथे पेट्या नि अकॉर्डियन दुरुस्त करत होत्या. पंधरा दिवसांपूर्वी सत्कार समितीचे सचिव एक जुनं अकॉर्डियन घेऊन आले. भातेकाकांचं. काकांनी पन्नास वर्षं गावोगाव फिरून कापणीची गाणी अकॉर्डियनवर वाजवली होती, म्हणून आता त्यांना मानपत्र मिळणार होतं. काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेलेत तेवढ्यात वाद्य नव्यासारखं करून ठेवायचं, असा सचिवांचा बेत. ताईंनी जीव ओतून काम केलं. भात्याच्या चिरा बुजवल्या, अडकणाऱ्या पट्ट्या मोकळ्या केल्या, एकेक सूर मोजायच्या यंत्रावर ताडून अचूक केला. आज सकाळी वाद्य काकांच्या घरी पोचलंही.

आणि आता, जेवण झाल्यावर, ताईंनी सहज म्हणून काकांचं एक जुनं रेकॉर्डिंग फोनवर लावलं. बायका गात होत्या, मागे अकॉर्डियन. गाणं वर चढलं आणि एका सुरावर येऊन टेकलं. तो सूर कुठल्याच पट्टीचा नव्हता. दोन पट्ट्यांच्या मधला, किंचित उतरलेला. बायका तोच गात होत्या, अकॉर्डियनही तोच बोलत होतं.

ताईंनी रेकॉर्डिंग थांबवलं. प्रत्येक पट्टीखाली पोलादाच्या दोन जिभा असतात, एक भाता उघडताना वाजते, दुसरी मिटताना. काकांच्या वाद्यात तीन पट्ट्यांच्या सहा जिभा बुडाशी कानशीने घासलेल्या होत्या. ताईंना त्या दिसल्या होत्या. ‘कुणा अडाण्याने हात मारलाय,’ असं मनाशी म्हणत त्यांनी सहाही जिभा टोकाशी घासून सूर वर आणले होते. बरोबर केले होते! कुणाला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

त्यांनी सचिवांना फोन लावला.

“अहो ताई, तीन सुरांचं काय घेऊन बसलात?” सचिव हॉलमध्ये खुर्च्या मांडून घेत होते. “पाहुणे भाषण करणार, काका एक गाणं वाजवणार, टाळ्या. कुणाला कळतंय?”

“त्यांना कळेल.”

“मग निदान आज बोलू नका. म्हातारा माणूस आहे. हाय खाईल.”

ताईंनी फोन ठेवला. गप्प बसणं किती सोपं होतं! पण तो माणूस भरल्या सभेत त्या सुरावर जाणार आणि तोंडघशी पडणार, हे त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्यांनी कानशी, पेचकस, मेणाचा डबा पिशवीत कोंबला आणि रिक्षा पकडली.

दार काकूंनी उघडलं. आत काका काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते, अंगात नवा कोट, मांडीवर अकॉर्डियन. ते वाजवत नव्हते. नुसता एका पट्टीवर बोट ठेवून बसले होते.

“कुणी घासलं हे?” त्यांनी विचारलं.

“मी,” ताई म्हणाल्या. पुढचं सगळं त्यांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

काकांनी पट्टीवरचं बोट काढून घेतलं. ताईंना वाटलं, शिव्या दिल्या तर बरं होईल.

“मी विशीत होतो,” काका म्हणाले, “तेव्हा शेतातल्या बायका मला उभं करायच्या नाहीत. म्हणायच्या, तुझी पेटी आमच्या गाण्याला चावते. आठ वर्षं लागली मला हे सूर सापडायला. नखाएवढं घासायचं, शेतावर जायचं, हसं करून घ्यायचं, परत यायचं.”

“त्या बायकांत मीही होते. सगळ्यात जास्त मीच हसायचे,” काकू म्हणाल्या. “आता वाजलेत किती ते बघा. बाई, होईल का काही?”

होण्यासारखं होतं, पण धोक्याचं. सूर उतरवायचा तर जीभ पुन्हा बुडाशी घासायची, आणि त्या जिभा आता दोन्हीकडून पातळ झाल्या होत्या. जरा जास्त झालं की तुटणार. ताईंनी तसं सांगितलं. काकांनी वाद्य पुढे सरकवलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी ते उघडलं. सूर मोजायचं यंत्र ठेवून दिलं, ते इथे काय कामाचं? काकू ओट्याला टेकून गाण्याची ती एकच ओळ म्हणत, ताई कानस फिरवत, जीभ वाजवून दाखवत.

“अजून खाली,” काकू म्हणत. “अजून. थांब, थांब! हं.”

एकेका जिभेला वीस-वीस मिनिटं. ताईंच्या कपाळावरचा घाम टेबलावर पडत होता. पाच जिभा झाल्या. सचिवांचे फोनवर फोन येत होते, कुणी उचलत नव्हतं. सहावीला कानस लावली आणि बारीकसा ‘टिक्’ आवाज आला.

जीभ तुटली होती.

“कुठली?” काकांनी विचारलं.

“मधल्या पट्टीची. भाता उघडतानाची.” ताईंनी तुटका तुकडा टेबलावर ठेवला.

“म्हणजे मिटताना वाजेल,” काका म्हणाले. “बंद कर. उशीर होतोय.”

हॉलमध्ये ताई शेवटच्या रांगेत बसल्या. पाहुण्यांनी भाषणात ‘अमूल्य योगदान’ हे शब्द चार वेळा वापरले. ताई काकांचे हात बघत होत्या. गाणं सुरू झालं. त्या सुराच्या आधी काका भाता घाईने उघडून घेत, म्हणजे मिटताना तो सूर सापडे. पहिल्या कडव्यात जमलं. दुसऱ्यातही. तिसऱ्यात हवा कमी पडली, भाता मधेच उघडावा लागला, आणि ऐन सुराच्या जागी नुसता फुस्स आवाज आला.

ताईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा काका पुढच्या ओळीवर गेले होते. पुढे कुणीतरी मागे वळून पाहिलं, कुणी शेजाऱ्याच्या कानात काही बोललं. शेवटी टाळ्या झाल्या, बऱ्यापैकी झाल्या. पण काकांचा चेहरा उतरलेला होता. मानपत्र घेताना त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही.

बाहेर पायऱ्यांवर ताई पुढे झाल्या. “काका, माझ्यामुळे...”

“हो, तुझ्यामुळेच,” काका म्हणाले. मग कोटाची बटणं काढत त्यांनी विचारलं, “सोमवारी दुकान उघडं असतं का?”

सोमवारी काका-काकू दोघं आले. ताईंनी नवी जीभ बसवली, घासली, वाजवली. काकूंनी मान हलवली, नाही. दुसरी बसवली. काकू म्हणाल्या, “जवळ आलीय, पण ही नाही.”

ताईंनी कपाळ पुसलं आणि तिसरी जीभ हातात घेतली.